रांजण, ड्रम आणि साथीचा ताप: मराठवाड्यातल्या शहराची पावसाळी तयारी कशी घडत गेली

जुलै लागला की छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्त्यांमधून आरोग्य विभागाची माणसं दारोदार फिरताना दिसतात. हातात बॅटरी, खांद्याला पिशवी, पिशवीत ॲबेट या अळीनाशकाची बाटली. ड्रमचं झाकण उचलायचं, आत उजेड मारायचा, वळवळती अळी दिसली की औषध टाकायचं आणि दाराशेजारी खडूनं तारीख लिहायची. जाताना ठरलेलं वाक्य: "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा." आतून ठरलेलं उत्तर: "नळ परवाच येऊन गेला. आता ओतून दिलं तर पुढच्या पाळीपर्यंत प्यायचं काय?"

दोघांचंही बरोबर असतं. डेंगी पसरवणारा एडिस डास अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस घेतो. शहरातल्या नळाची पाळीही कित्येक वर्षं आठवड्याभराच्या आसपास हिंदकळत आली. डासाला यापेक्षा सोयीचं वेळापत्रक कोणी आखून दिलं नसतं. पावसाळ्यात महामारी आली तर शहराची तयारी किती, हा प्रश्न मुंबईत विचारला तर उत्तर तुंबलेल्या पाण्यापासून सुरू होतं. इथे ते साठवलेल्या पाण्यापासून सुरू करावं लागतं.

अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबरनं 1610 मध्ये खडकी, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवलं तेव्हा पहिला घोर पाण्याचाच होता. उत्तरेकडच्या डोंगरांतलं झिरपतं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून उताराच्या बळावर शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही त्याची करामत. झाकलेलं, वाहतं पाणी: साथीच्या दृष्टीनं याहून चांगली व्यवस्था त्या काळी क्वचितच असेल. तसल्याच नहरीच्या पाण्यावर पाणचक्कीचं जातं फिरत आलं. पुढे शहर वाढलं, नहरी गाळानं बुजल्या, काहींवर घरं उभी राहिली. 1976 मध्ये पैठणचं जायकवाडी धरण पूर्ण झालं आणि शहराची भिस्त पन्नासेक किलोमीटरवरून उपसून आणायच्या पाण्यावर गेली. उताराची जागा विजेच्या पंपानं घेतली. वीज गेली, जलवाहिनी फुटली की पाळी पुढे सरकणार, हे तेव्हापासूनचं गणित.

साथ म्हणजे काय, हे मराठवाड्याला शिकवलं पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं. आषाढात वारकरी पंढरीला निघायचे, परत यायचे, आणि वाटेवरच्या गावांत हगवण-वांतीनं माणसं पटापट जायची. गावानं यावर काढलेला उपाय म्हणजे मरीआईचा गाडा. पूजा करायची, निवद ठेवायचा आणि गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पलीकडच्या गावानं तो आपल्या शिवेवरून पुढे ढकलायचा. आज हसू येतं, पण 'आपल्या हद्दीत रुग्ण नको' या भावनेनं 2020 मध्ये तालुक्यांच्या सीमांवर उभ्या राहिलेल्या नाकाबंद्या आठवल्या की हसू आवरतं घ्यावं लागतं.

प्लेगाच्या वेळी लोक यापेक्षा शहाणे होते. घरात उंदीर पडला की गाव सोडून माळावर झोपड्या टाकायच्या, हे कोणत्या डॉक्टरनं सांगितलेलं नव्हतं. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि इंग्रज सरकारनं 1897 मध्ये साथरोग कायदा केला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे तो कायदा इथला नव्हताच. गंमत पुढे आहे. संस्थान 17 सप्टेंबर 1948 ला गेलं, 1956 ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्रात; पण 1 नोव्हेंबर 1956 पूर्वी 'ब' वर्ग राज्यांत असलेला प्रदेश वगळून, हे शब्द त्या केंद्रीय कायद्याच्या पहिल्याच कलमात तसेच राहिले. हैदराबाद हे 'ब' वर्गातलं, म्हणजे पूर्वीच्या संस्थानाचं राज्य; त्या शब्दांप्रमाणे मराठवाडा कायद्याबाहेरच. ते शब्द निघाले 2020 साली, कोरोनाच्या धामधुमीत केलेल्या दुरुस्तीत.

निजामाच्या काळात आरोग्यावर खर्च झालाच नाही असं नाही. तो झाला राजधानीत. 1908 च्या सप्टेंबरमध्ये मुसी नदीला महापूर येऊन हैदराबादेत हजारो माणसं गेली. त्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्यानं उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले, शहर सुधार मंडळ आलं, उस्मानिया रुग्णालयाची भव्य इमारत उभी राहिली. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड हे सगळे दूरचे जिल्हे. त्यांच्यापर्यंत राजधानीतून आली ती प्रामुख्यानं 1900 च्या सुमाराची मनमाड-सिकंदराबाद रेल्वे. ती धान्य नेऊ लागली, आणि माणसांबरोबर आजारही.

1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ आमच्याकडे 'मानमोडी' म्हणून ओळखली जाते. मान टाकून पडलेला माणूस पुन्हा उठत नसे, म्हणून मानमोडी, असं आमची आजी तिच्या सासूच्या तोंडून ऐकलेलं सांगायची. मुंबईत ही साथ आली जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. पहिली लाट सौम्य होती. दुसरी सप्टेंबर-ऑक्टोबरात आली ती मारत सुटली. 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवशी मुंबईत 768 मृत्यू नोंदले गेले. त्याच वर्षी पावसानंही दगा दिला होता. खरीप करपलेला, धान्य महागलेलं, माणसं अर्धपोटी. देशभरात एक कोटीहून कितीतरी जास्त माणसं दगावल्याचे अंदाज आहेत. आमच्या भागाचा हिशेब जनगणनेत सापडतो: हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या 1911 मध्ये सुमारे 1 कोटी 34 लाख होती, 1921 मध्ये ती 1 कोटी 25 लाखांवर आली. दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी नऊ लाखांनी कमी.

यातली एक गोष्ट नजरेआड होते. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं स्वाइन फ्लूची महामारी जाहीर केली ती 11 जूनला, ऐन मृगात, आणि त्या वर्षीही पाऊस सरासरीपेक्षा बराच कमी झाला. म्हणजे 1918, 2009 आणि 2020 या तीन महामाऱ्यांपैकी दोन कोरड्या पावसाळ्यात आल्या. आपले सगळे पावसाळी आराखडे मात्र पुरासाठी लिहिलेले असतात: नालेसफाई, बोटी, वाळूच्या गोण्या.

स्वातंत्र्यानंतर दवाखाने आले. 1956 मध्ये औरंगाबादला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याचं रुग्णालय म्हणजे आख्ख्या मराठवाड्याची 'घाटी'. पुढे सत्तरच्या दशकात अंबाजोगाई, मग नांदेड, 2002 ला लातूर. पण साथींना खरा आळा घातला तो इमारतींनी नव्हे, हापशानं. साठच्या दशकाच्या अखेरीस जालन्याच्या मिशनऱ्यांनी फुटक्या ओतीव हातपंपांना कंटाळून पोलादाचा, सहसा न मोडणारा पंप बनवला. त्या जालना पंपावरून सोलापूर पंप आला आणि त्यावरून देशभर पोचलेला 'इंडिया मार्क 2'. 1972 च्या दुष्काळानंतर विंधनविहिरी घेतल्या गेल्या, पायऱ्यांच्या विहिरी आणि बारवांतलं पाणी पिणं कमी झालं. पायातून हात-दोन हात लांब दोऱ्यासारखा जंत काढायला लावणारा नारू हळूहळू हटला. 2000 मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. गावच्या पाण्याला हिरवं, पिवळं, लाल कार्ड देण्याची पद्धत, पावसाळ्याआधी आणि नंतर होणारी स्रोतांची पाहणी, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर, पाण्यातलं क्लोरिन तपासणारी ओटी चाचणी: ग्रामपंचायतीत आज जी काही साथीची तयारी दिसते ती मुळात पटकी-गॅस्ट्रोसाठी घडलेली आहे. ती चालते तेव्हा चांगली चालते. शहरात जलवाहिनी आणि ड्रेनेज शेजारी-शेजारी पुरलेले असले की काय होतं, ते नोव्हेंबर 2017 मध्ये छावणी भागातल्या गॅस्ट्रोच्या हजारो रुग्णांनी दाखवलं.

आता मामल्याकडे. बीड जिल्ह्यातलं मामला हे लहानसं गाव 1994 च्या पावसाळ्यात प्लेगमुळे जगाच्या नकाशावर आलं. आदल्या वर्षी, 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला होता. धास्तीनं लोक घरं सोडून बाहेर राहू लागले. धान्य मात्र घरातच होतं. उंदरांचं फावलं, रानातले आणि घरातले उंदीर एकमेकांत मिसळले, असा तज्ज्ञांचा कयास. ऑगस्टच्या सुरुवातीला मामल्यात पिसवा वाढल्याची आणि उंदीर मरून पडत असल्याची खबर आली. महिनाअखेरीस जांघेत, काखेत गाठी आलेले रुग्ण दिसू लागले. देशात प्रयोगशाळेत सिद्ध झालेला त्याआधीचा प्लेगचा रुग्ण 1966 चा. जवळपास तीन दशकं गाठ बघायची सवयच नव्हती, आणि पाळत ठेवणारी यंत्रणा रुग्ण नाहीत म्हणून आटत गेलेली. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिकडे सुरतेत फुफ्फुसाचा प्लेग आला, लाखो लोक शहर सोडून पळाले, प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दुकानांतून गायब झाल्या. तो खरंच प्लेग होता का, यावर शास्त्रज्ञ बराच काळ भांडले. सुरत पुढे झाडून-पुसून लख्ख झाली, त्याचं कौतुक सगळ्यांना ठाऊक आहे. मामल्याचं नाव बीडमध्येही आता सांगावं लागतं.

पण देशाच्या रोगपाळतीची आजची साखळी त्या पावसाळ्यातून निघाली. 1997 च्या सुमारास संसर्गजन्य रोगांसाठी राष्ट्रीय पाळत कार्यक्रम आला आणि नोव्हेंबर 2004 मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प. दर आठवड्याला उपकेंद्रातून एस (संशयित), दवाखान्यातून पी (संभाव्य) आणि प्रयोगशाळेतून एल (तपासणीत सिद्ध) असे तीन फॉर्म वर जायचे; 2021 पासून हे ऑनलाइन झालं. फॉर्म भरणाऱ्या सिस्टरला मात्र लसीकरण, बाळंतपण आणि जलसुरक्षेची पाहणीही असतेच.

ही साखळी नवी होती तोवरच चिकुनगुन्या परतला. शेवटचा मोठा उद्रेक 1973 चा, तोही आमच्या शेजारच्या बार्शीत. 2005 च्या अखेरीस तो पुन्हा दिसू लागला आणि 2006 मध्ये देशभरात संशयित रुग्णांचा आकडा 13 लाखांवर गेला. घरंच्या घरं सांधे धरून बसली. काठी टेकत लघवीला जाणारी तरणी माणसं मी तेव्हा पाहिली आहेत. कारण तेच, रांजण आणि टाकी.

2009 च्या 3 ऑगस्टला पुण्यात स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू झाला. मराठवाड्यातले नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला (एनआयव्ही) जायचे. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळी घेतो, त्यामुळे लस मे महिन्याच्या आत घ्यायला हवी, हे डॉक्टरमंडळी तेव्हापासून सांगताहेत. मे महिन्यात लोकांच्या डोक्यात लग्नं आणि टँकर असतात.

मग 2020. शहरात कोरोनाचा पहिला रुग्ण 15 मार्चला सापडला. सुरुवातीला नमुने पुन्हा पुण्यालाच. नंतर घाटीत प्रयोगशाळा सुरू झाली, पुढे विद्यापीठानंही तपासणी सुरू केली. चिकलठाण्यातल्या मेल्ट्रॉन कंपनीच्या बंद इमारतीत एमआयडीसीच्या मदतीनं कोविड रुग्णालय उभं राहिलं. पाऊस सुरू होऊन महिना झाला आणि 10 ते 18 जुलै शहर कडकडीत बंद ठेवावं लागलं. त्याच दिवसांत तापाचे दुसरे नेहमीचे रुग्णही येत होते. ताप, अंगदुखी, डोळ्यांमागे कळ: डेंगी की कोरोना? सिंगापूरच्या डॉक्टरांनी त्या वर्षीच्या मार्चमध्येच दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती, ज्यांची डेंगीची झटपट चाचणी होकारार्थी आली आणि निघाला कोरोना. आपल्याकडे प्रश्न चाचणीच्याही आधीचा होता. तापाचा माणूस दारातच अडवला जायचा, म्हणून तो ताप लपवायचा. आणि ड्रममध्ये बॅटरी मारायला कोणाला घरात घ्यायला लोक तयार नव्हते. सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम निघाली तेव्हा ऑक्सिमीटर घेऊन दारात उभी राहिलेली आशाताई आणि एरवी डासअळी शोधणारी ताई बहुतेक वस्त्यांत एकच होती. पुढच्या वर्षी जूनमध्ये राज्यातल्या आशांनी मानधनासाठी संप केला, तोही पावसाळ्यातच.

2020 च्या सप्टेंबरात नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, काठोकाठ भरला होता, दरवाजे उघडावे लागले. शहरात नळ मात्र पाळीनंच येत होता. डिसेंबर 2020 मध्ये 1680 कोटींच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचं भूमिपूजन झालं. नंतर खर्च वाढला, मुदतीही सरकत गेल्या. दरम्यान केमिकलचे रिकामे निळे ड्रम धुऊन विकणाऱ्यांचा धंदा दर मे महिन्यात जोरात चालतो. गिऱ्हाईक ड्रम ठोकून बघतं, भाव पाडतं. झाकण वेगळं घ्यावं लागतं, त्याचे पैसे जास्त पडतात, म्हणून बरेच जण वर साडीचं फडकं बांधून भागवतात.