घेवडा : मुळांच्या लक्षणांवरून वाणसुधारणा

घेवड्याच्या (शास्त्रीय नाव : फॅसिओलस व्हल्गॅरिस) मुळांची ठेवण पाहून नवे वाण तयार करण्याची पद्धत. राजमा, श्रावणघेवडा, फरसबी आणि साताऱ्याच्या कोरेगाव भागातील वाघ्या घेवडा हे सगळे याच जातीचे प्रकार आहेत. पैदासकार (नवे वाण तयार करणारा संशोधक) एरवी दाण्याच्या उत्पन्नावरून वाण निवडतो. या पद्धतीत तो मुळांचा कोन, त्यांची संख्या, मूलरोमांची (मुळांवरच्या बारीक केसांची) लांबी अशी एकेक लक्षणे वेगवेगळी मोजतो आणि संकरातून एकत्र आणतो.

मध्य व दक्षिण अमेरिका आणि पूर्व व दक्षिण आफ्रिका येथे घेवडा हे गरीब कुटुंबांचे रोजचे अन्न आहे. ही शेते बहुतेक कोरडवाहू, आणि जमिनीत पिकाला घेता येईल असा स्फुरद (फॉस्फरस) फार कमी. आम्लधर्मी तांबड्या मातीत लोह व अ‍ॅल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. खत महाग पडते, म्हणून ते अनेकदा टाकलेच जात नाही. भरपूर खतपाण्याच्या प्रक्षेत्रावर निवडलेला वाण अशा शेतात टिकत नाही, यात नवल नाही. हलक्या जमिनीसाठीचे वाण हलक्या जमिनीतच पारखले पाहिजे, हा या कामाचा पाया आहे.

स्फुरद मातीत जवळजवळ हलत नाही. मुळालाच त्याच्यापर्यंत जावे लागते. शिवाय तो मुख्यतः वरच्या थरात असतो. त्यामुळे घेवड्याची मुळे कोठून फुटतात आणि कोणत्या दिशेला वळतात याला फार महत्त्व येते. सोटमुळाच्या वरच्या टोकाला, खोडाच्या बुंध्याशी, मुळांचे एकावर एक फेर फुटतात. एका फेरात साधारण चार मुळे असतात. काही वाणांत असा एकच फेर असतो, तर काहींत तीन-चार. वरच्या फेराची मुळे आडवी पसरतात, खालच्या फेरांची अधिक खोल जातात. म्हणून फेर जास्त असलेले रोप मातीचे अनेक थर एकाच वेळी धुंडाळते. याखेरीज बीजदलांखालच्या खोडातून आगंतुक मुळे निघतात. ती बारीक असतात, अगदी वरच्या थरात राहतात आणि त्यांच्या वाढीवर रोपाचे अन्न कमी खर्च होते.

या संशोधनाची दोन मुख्य केंद्रे म्हणजे कोलंबियातील काली शहराजवळचे आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषिकेंद्र (सिअ‍ॅट) आणि अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठ. विद्यापीठातील जोनाथन लिंच यांच्या गटाने मोझांबिकच्या संशोधकांसह तेथील शेतांतही प्रयोग केले. मागेल्हाएस मिगेल व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेले निष्कर्ष मला सर्वांत बोलके वाटतात. कमी स्फुरदाच्या जमिनीत नुसत्या उथळ मुळांमुळे झाडाची वाढ सुमारे ५८ टक्क्यांनी जास्त झाली, नुसत्या लांब मूलरोमांमुळे ८९ टक्क्यांनी. दोन्ही लक्षणे एकाच वाणात आली तेव्हा वाढ जवळपास ३०० टक्क्यांनी अधिक होती. उथळ मूळ रोमांना स्फुरदाच्या थरात नेऊन पोचवते आणि तेथे रोम आपले काम करतात. केवळ उत्पन्न मोजणाऱ्याला ही जोडी कधीच दिसली नसती.

निवडीला मोठी यंत्रे लागत नाहीत. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी रुजवले की काही दिवसांतच मुळांचे फेर मोजता येतात. शेतात झाड फावड्याने खणून, मुळे धुऊन कोन मापतात. सिअ‍ॅटच्या बीजपेढीत घेवडा व त्याच्या जवळच्या जातींचे मिळून ३७ हजारांहून अधिक नमुने आहेत, त्यामुळे निवडीला वावही मोठा आहे. अँडीज पर्वतातील ‘जी १९८३३’ हा स्थानिक वाण कमी स्फुरदात तग धरणारा म्हणून संकरांत वापरला गेला. २०१४ मध्ये त्याचा संपूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला.

मात्र उथळ मुळे सर्वत्र चालत नाहीत. पाऊस लवकर संपतो तेथे ओल खाली राहते आणि खोल मुळांचा वाणच तरतो. स्फुरद वर आणि पाणी खाली, अशी ही ओढाताण आहे. जास्त फेरांची मुळे दोन्हींकडे पोचू शकतात, म्हणून पैदासकारांना त्यांचे आकर्षण आहे. दुष्काळात मूळ खोल गेले तरी पानांतले अन्न दाण्यात उतरले नाही तर शेंगा पोचट राहतात. त्यामुळे दाणे भरण्याची क्षमताही सोबत तपासावी लागते.

असे वाण जमिनीतला उरलासुरला स्फुरदही उपसून नेतील, अशी शंका घेतली जाते. कोस्टा रिकातील उतारावरच्या प्रयोगांचा कौल वेगळा आहे. चांगल्या मुळांच्या झाडांचा पाला दाट होतो, जमीन झाकली जाते आणि पावसाबरोबर वाहून जाणारी माती व तिच्यातला स्फुरद कमी होतो.