रिब टिप्स आतून गुलाबी दिसल्या म्हणजे कच्च्या? अजिबात नाही!

अमेरिकेतल्या शिकागो शहराच्या साउथ साइड भागातल्या, लाकडाच्या धुरावर भाजलेल्या रिब टिप्स समोर आल्या की कोणीतरी म्हणतंच, "अरे आतून गुलाबी आहे, पोर्क कच्चं राहिलंय, जंत होतील." कृपया हे पसरवू नका. रिब टिप्स म्हणजे स्पेअर रिब्ज (डुकराच्या पोटाकडच्या फासळ्या) नीट चौकोनी कापताना खालून निघणारी पट्टी, हाडाऐवजी कुर्च्या आणि मस्त चरबी, शिकागोच्या कृष्णवर्णीय पिटमास्टर (भट्टीवर मांस भाजणाऱ्या) लोकांनी या स्वस्तातल्या भागाचं अक्षरशः सोनं केलंय. तो गुलाबी रंग धुराचा असतो. जळत्या लाकडातून निघणारे नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड मांसातल्या मायोग्लोबिनला (मांसाला लाल रंग देणाऱ्या प्रथिनाला) धरून बसतात, मग मांस कितीही शिजलं तरी रंग जात नाही, आणि तुकडे छोटे असल्याने तो पार आतपर्यंत दिसतो.

जंतांची भीती खरीच होती, पण त्यावर उपाय तापमान आहे, रंग नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने २०११ मध्येच सांगितलं की पोर्कच्या अख्ख्या तुकड्याला आतून ६३ अंश सेल्सियस आणि नंतर ३ मिनिटं थांबणं पुरेसं आहे (खिम्याला मात्र ७१ हवं). आणि रिब टिप्स ६३ वर काढल्या तर चावल्याच जात नाहीत हो, कुर्चीभोवतीचं कोलॅजन (मांस चिवट ठेवणारं प्रथिन) विरघळायला ९० च्या आसपास जावंच लागतं! शंका असेल तर थर्मामीटर कुर्ची टाळून मांसात खुपसा, आणि मग टिप्सच्या खाली ठेवलेले फ्राइज सॉसमध्ये भिजून मऊ व्हायच्या आत ताव मारा.