मुंबई–न्यूयॉर्क: किलोमीटरचा हिशोब वेगळा, तासांचा वेगळा

जानेवारीत मावशी पहिल्यांदाच लेकीकडे न्यूयॉर्कला निघाली. तिकीट डोळ्यांजवळ धरून म्हणाली, "रात्री दीडला सुटणार, सकाळी सातला पोचणार. साडेपाच तास! कोल्हापूरच्या एसटीलाही याहून जास्त लागतात गं." परतीचं विमान मात्र तिथून दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मुंबईत. म्हणजे पंचवीस तास?

दोन्ही आकडे खोटे. तिकिटावर प्रत्येक विमानतळाची वेळ तिथल्या घड्याळाप्रमाणे छापतात, आणि हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे असतं (उन्हाळ्यात साडेनऊ). साडेपाचात साडेदहा मिळवा, पंचविसातून वजा करा: जाताना 16 तास, येताना साडेचौदा.

आता अंतर. ते जातायेता सारखंच, सुमारे 12,530 किलोमीटर. पण हे किलोमीटर भिंतीवरच्या नकाशात शोधू नका. तिथे पट्टी ठेवली तर रेघ सौदी, इजिप्त, मोरोक्कोवरून अटलांटिकमध्ये उतरते. घरात पृथ्वीचा गोल असेल तर शिवणाचा दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणा. दोरा सरकत सरकत उत्तरेला जातो: अफगाणिस्तान, रशिया, फिनलंड, आइसलंड, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडा. पहिल्यांदा पाहताना विश्वास बसत नाही. पण हाच जवळचा रस्ता. होकायंत्राची एकच दिशा धरून गेलं तर साधारण 14,200 किलोमीटर पडतात.

मग 12,530 ला विमानाच्या ताशी 900 किलोमीटर वेगाने भागलं की झालं ना? उत्तर येतं चौदा तासांच्या आत. इथेच बहुतेकांची गल्लत होते. दोऱ्याला वारा लागत नाही, विमानाला लागतो. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वाऱ्याचे पट्टे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीशी असतात. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्यावर स्वार होऊन ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग 747 विमान न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं होतं; एरवी साडेसहा-सात तास लागतात.

शिवाय आकाशालाही कुंपणं आहेत. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. दोरा तर मुंबई सोडल्यावर थोड्याच वेळात तिथूनच जातो! वळसा घेतला की किलोमीटर वाढतात, इंधन वाढतं, तासही वाढतात. इंटरनेटवर 'अंतर' म्हणून जो आकडा मिळतो तो बहुधा दोऱ्याचाच, प्रत्यक्ष उड्डाणाचा नव्हे.

आणि छापील वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते, पलीकडे जागेवर लागलं की संपते. धावपट्टीपाशी रांगेत घालवलेली वीस-पंचवीस मिनिटं त्यातच धरलेली.

परतीच्या तिकिटावर मावशीला मी एकच गोष्ट पेनाने गोल करून दिली: उतरण्याच्या वेळेपुढचं बारीक '+1', म्हणजे दुसऱ्या दिवशी. ते नजरेतून सुटलं तर घ्यायला येणारा भाचा एक दिवस आधीच सहार विमानतळावर जाऊन उभा.