दोन चित्रांपूर्वीची आठवण: गांजा आणि कार्यस्मृती

पडद्यावर एकामागून एक चित्रं येतात. समोरचं चित्र दोन चित्रांपूर्वीच्या चित्रासारखंच असेल तर बटण दाबायचं. नियम एवढाच, पण प्रत्येक नव्या चित्राबरोबर शेवटची दोन क्रमाने धरून ठेवावी लागतात आणि त्याआधीचं सोडून द्यावं लागतं. 'टू-बॅक' नावाच्या या चाचणीत कार्यस्मृती मोजतात, म्हणजे काही सेकंदांपुरती माहिती मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता. तोंडी हिशेब करताना किंवा लांब वाक्य ऐकताना हीच कामी येते. तिच्यात एका वेळी जेमतेम चार गोष्टी मावतात, त्यामुळे थोडा बिघाडही लगेच जाणवतो.

गांजा, भांग, चरस या तिन्हींतला नशा आणणारा मुख्य घटक टीएचसी. १९६४ साली राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी तो शुद्ध रूपात वेगळा केला. मेंदूत तो सीबी१ नावाच्या ग्राहींना, म्हणजे रासायनिक संदेश घेणाऱ्या पेशींवरच्या प्रथिनांना, चिकटतो. हे ग्राही अर्थातच गांजासाठी नाहीत. मेंदू स्वतः आनंदामाइड आणि २-एजी ही रसायनं तयार करतो आणि त्यांचं काम मोठं नेमकं असतं. संदेश घेणारी चेतापेशी फार उत्तेजित झाली की ती २-एजी सोडते. ते उलट दिशेने, संदेश पाठवणाऱ्या पेशीच्या टोकापर्यंत जातं. तिथल्या सीबी१मुळे पेशीत शिरणारं कॅल्शियम कमी होतं आणि पुढचा संदेश क्षीण होतो. हा ब्रेक त्या चेतासंधीपुरता (दोन चेतापेशींच्या जोडापुरता) आणि थोडाच वेळ लागतो, मग विकरं २-एजी मोडून टाकतात.

टीएचसीला जागेचं आणि वेळेचं असं बंधन नाही. सीबी१ दाट असलेल्या सगळ्या भागांत तो तासन्‌तास ब्रेक दाबून ठेवतो. हे ग्राही स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस, कपाळामागचं प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, हालचाली सांभाळणारे खोल भाग आणि लहान मेंदूत भरपूर असतात. (श्वासावर ताबा ठेवणाऱ्या मस्तिष्कस्तंभात ते विरळ आहेत, म्हणून अफूजन्य औषधांसारखा श्वास बंद पडत नाही.)

'गांजाने मेंदू मंदावतो' हे वर्णन मात्र अपुरं आहे. टीएचसी चेतापेशींमधलं उत्तेजक संदेशरसायन ग्लुटामेटही घटवतो आणि शामक गाबाही. २००६ साली उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये मोजणी झाली, तेव्हा पेशींचा संदेश सोडण्याचा वेग फारसा बदलला नव्हता. बिघडला होता तो त्यांचा मेळ. वाद्यवृंदातली सगळी वाद्यं वाजताहेत, फक्त ताल सुटलाय, अशी अवस्था. थीटा नावाची लय जितकी क्षीण, तितकी स्मृती कमजोर. २०१२ साली आणखी एक अनपेक्षित धागा मिळाला. चेतापेशींना आधार देणाऱ्या ताराकृती पेशींतले सीबी१ काढून टाकलेल्या उंदरांची कार्यस्मृती टीएचसी देऊनही शाबूत राहिली.

माणसांवरचा एक मोठा अभ्यास जानेवारी २०२५मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २२ ते ३६ वयाच्या १,००३ जणांचे एमआरआय तपासले. आयुष्यात हजाराहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांना 'अतिवापर' गटात धरलं होतं. सात वेगवेगळ्या कामांपैकी कार्यस्मृतीच्या कामातच या गटात ठळक फरक दिसला: प्रीफ्रंटल कॉर्टेक्स आणि इन्सुला (मेंदूच्या घडीत दडलेला भाग) यांची सक्रियता कमी होती. पण सरासरी फरक लहान होता. शिवाय असा अभ्यास संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. काम करतानाच्या मेंदूचा असा एमआरआय तरी काय मोजतो? पेशींचे संदेश नव्हे, रक्तातल्या ऑक्सिजनचे चढउतार. त्यामुळे या निष्कर्षाला 'मेंदूची हानी' म्हणणं चूक ठरेल.

परिणाम कधी सुरू होतो आणि किती टिकतो, हे घेण्याच्या पद्धतीवर ठरतं. ओढल्यावर टीएचसी काही मिनिटांत मेंदूत पोहोचतो आणि नशा साधारण दोन ते चार तास राहते. खाल्ल्यावर ती चढायला अर्धा ते दीड तास लागतो, आणि यकृतात टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, तेही मेंदूवर जोरदार काम करतं. घोटाळा इथेच होतो. काही जाणवत नाही म्हणून तासाभरात दुसरी मात्रा घेतली जाते, मग दोन्ही एकदम चढतात आणि असर सहा-आठ तास, कधी त्याहूनही जास्त टिकतो. त्या काळात गाडी चालवू नये. 'मला ठीक वाटतंय' हा भरवशाचा निकष नाही.

रोज घेणाऱ्यांच्या मेंदूत सीबी१ची संख्या घटते. ती भरून येते, ही दिलासा देणारी बाब. सुमारे चार आठवडे पूर्ण बंद ठेवल्यावर पेट स्कॅनमध्ये ते ग्राही जवळपास नेहमीच्या पातळीवर आलेले दिसले. १६ ते २५ वयाच्या नियमित वापरकर्त्यांनी महिनाभर गांजा थांबवला, तेव्हा शब्द शिकून लक्षात ठेवण्याची क्षमता सुधारली आणि बरीचशी सुधारणा पहिल्याच आठवड्यात झाली. अवधानात मात्र तसा फरक पडला नाही.

परीक्षेच्या किंवा जोखमीच्या कामाच्या आदल्या दिवशी गांजा बंद करून मात्र भागत नाही. रोजची सवय असेल तर एक-दोन दिवसांत चिडचिड, अस्वस्थता आणि झोपमोड सुरू होते. पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वाधिक असतो आणि साधारण दोन आठवड्यांत ओसरतो. अपुरी झोप कार्यस्मृतीला स्वतंत्रपणे मारते, म्हणून थांबवायचं तर निदान तीन-चार आठवडे आधी.