शनिवार पाळणारे तेली : बेने इस्राएलांच्या श्रद्धेची पार्श्वभूमी

अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, असे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. ही घटना नेमकी कोणत्या काळातली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. धर्मग्रंथ हाताशी नाहीत, हिब्रू विसरलेली, घरात मराठी, आणि तरीही यहुदी धर्म कोकणात टिकला, तो कसा, हा प्रश्न मला त्याहून मोलाचा वाटतो.

उत्तराचा मोठा भाग त्यांच्या रोजच्या व्यवहारात सापडतो. तेल गाळणे हा त्यांचा मुख्य धंदा होता. पण शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारच्या संध्याकाळपर्यंत ते घाण्याला बैल जुंपत नसत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. राहत्या गावांवरून दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी आडनावे पडली. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई, खवले आणि पर नसलेली मासळी चुलीवर चढत नसे, आणि ‘शमा’ ही एकच हिब्रू प्रार्थना जन्मापासून मृत्यूपर्यंतच्या प्रत्येक प्रसंगी म्हटली जाई.

सणांची नावेही मराठीच होती. दारे लावून घेऊन उपास करण्याचा दिवस तो ‘दारफाळणीचा सण’, तर जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणाचा दिवस वालाच्या बिरड्यावरून ‘बिरड्याचा सण’ झाला. हनुक्का हा दिव्यांचा यहुदी सण मात्र त्यांना ठाऊक नव्हता, आणि तो सण सुरू होण्याआधीच पूर्वजांनी मायभूमी सोडली असावी, असे अनुमान त्यावरून काढले जाते.

पुढे कोचीनकडून आलेल्या दावीद रहाबी यांनी या लोकांना ओळखले आणि तिघांना धर्मशिक्षण देऊन ‘काजी’ नेमले, अशी आठवण समाजात जपली गेली आहे. 1796 मध्ये समाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात पहिले सिनेगॉग (यहुदी प्रार्थनागृह) बांधले. कोकणी बेने इस्राएल त्याला सरळ ‘मशीद’च म्हणत. त्यानंतर रेवदंडा, पनवेल, अलिबाग, पेण येथे प्रार्थनागृहे उभी राहिली. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या शाळांतून हिब्रू परत आली, वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरमधील गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या, रात्री वाचायची हग्गादा ही पोथी हिब्रू-मराठीत छापली गेली, आणि बायबलमधील कथांवर चक्क मराठी कीर्तने रंगू लागली.

तरीही या श्रद्धेचे खरे घर मला मलिद्याच्या ताटात दिसते. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुकामेवा एकत्र कालवून ताटात रास करतात, भोवती फळे मांडतात, आणि एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याचे गीत म्हणून, एकेका फळावर आशीर्वाद म्हणत ते वाटून खातात. नवस फेडायचा असो, लग्न असो की नवे घर, मलिदा झाल्याशिवाय कार्य पुरे होत नाही, आणि त्या निमित्ताने दूरचे सोयरेही एका ताटाभोवती येतात. मांस आणि दूध एकत्र न करण्याचा नियम पाळायला कोकणातील नारळाचा रस कामी आला, तर शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आशीर्वादाला द्राक्षमद्याऐवजी काळ्या मनुकांचे सरबत चालू लागले.

ही एकी निर्दोष होती असे नाही. समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असा भेद होता, आणि त्यांच्यात सोयरीक होत नसे. इस्राएलमध्ये गेल्यावर तर 1962 साली विवाहाच्या वेळी त्यांची वंशावळ तपासण्याचे आदेश निघाले, म्हणजे ज्यांनी ग्रंथावाचून धर्म राखला त्यांच्याच यहुदीपणावर शंका घेतली गेली. लोकांनी नेटाने आंदोलन केले आणि 1964 मध्ये त्यांना सर्व बाबतींत यहुदी म्हणून मान्यता मिळाली. आज इस्राएलमधील लोद, दिमोना, बीरशेबा येथील घरांत मलिद्याचे ताट मांडले जाते, आणि त्याभोवती बसलेली जुनी माणसे अजून मराठीत बोलतात.