डिस्क गोल्फ : उगम आणि एड हेड्रिक

डिस्क गोल्फ : प्लॅस्टिकची चपटी चकती (डिस्क) हाताने फेकत, कमीत कमी फेकींत ठरलेल्या लक्ष्यापर्यंत पोहोचवण्याचा मैदानी खेळ. गोल्फमध्ये चेंडू खळग्यात जातो. इथे चकती खांबाला लटकवलेल्या साखळ्यांवर आदळून खालच्या जाळीदार टोपलीत पडते. या लक्ष्याला खेळाडू ‘बास्केट’ म्हणतात. खेळाचे आजचे रूप अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 1970च्या दशकात ठरले. ते ठरवण्यात एडवर्ड ‘स्टेडी एड’ हेड्रिक (28 जून 1924 – 12 ऑगस्ट 2002) यांचा वाटा सर्वांत मोठा असल्याने त्यांना ‘डिस्क गोल्फचे जनक’ म्हटले जाते. ही पदवी रास्त आहे, पण ती नेमकी कशासाठी हे पाहावे लागते. चकती नेम धरून फेकण्याची आणि फेकी मोजण्याची कल्पना त्यांची नव्हती.

हेड्रिकपूर्वीचा खेळ : कॅनडाच्या सास्कॅचेवान प्रांतातील ब्लॅडवर्थ या खेड्यात 1926च्या सुमारास शाळकरी मुले पत्र्याची झाकणे फेकून गोल्फसारखा खेळ खेळत. त्याला ती ‘टिन लिड गोल्फ’ म्हणत. मुले मोठी झाली आणि खेळ थांबला. पुढच्या चाळीस वर्षांत असे अनेक ठिकाणी घडले. 1965मध्ये कॅलिफोर्नियात जॉर्ज सॅपनफील्ड हा महाविद्यालयीन विद्यार्थी उन्हाळी सुटीत मुलांच्या क्रीडांगणावर देखरेखीचे काम करत होता. एकदा गोल्फ खेळताना त्याला सुचले, की आपली मुले हेच फ्रिस्बीने (फेकून झेलायच्या प्लॅस्टिकच्या चकतीने) खेळू शकतील. पुढे थाउझंड ओक्स येथे करमणूक विभागात नोकरी लागल्यावर, 1968मध्ये, त्याने अशी स्पर्धाही घेतली. लक्ष्य म्हणून जमिनीवर हुला हूप (कमरेभोवती फिरवायची प्लॅस्टिकची मोठी कडी) ठेवले होते. ते आणि चकत्या व्हॅम-ओ या खेळणी कंपनीने पाठवल्या होत्या.

न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरातली मंडळी याहून पद्धतशीर होती. जिम पाल्मेरी आणि त्यांचे सोबती 1970पासून नियमित सामने खेळत, गुण नोंदवत, शहराची अजिंक्यपद स्पर्धा भरवत. देशात दुसरीकडेही कोणी चकतीकडे खेळ म्हणून पाहते याचा त्यांना 1973पर्यंत पत्ता नव्हता. तो लागल्यावर त्यांनी 1974मध्ये ‘अमेरिकन फ्लाइंग डिस्क ओपन’ ही राष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली आणि बक्षीस म्हणून नवी कोरी डॅटसन बी-210 मोटार ठेवली. स्पर्धा आणि मोटार डॅन रॉडिक यांनी जिंकली. स्पर्धात्मक डिस्क गोल्फचा इतिहास कॅलिफोर्नियापासून सुरू करणारे लेखक रॉचेस्टरवर अन्याय करतात, असे म्हणायला पुरेसा आधार आहे.

चकतीची घडण : ज्या चकतीमुळे हे सगळे शक्य झाले ती वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन यांची. 1938मध्ये सँटा मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यावर ते केक भाजण्याचे पत्र्याचे भांडे फेकत-झेलत असताना कोणीतरी त्याचे 25 सेंट देऊ केले. दुकानात ते 5 सेंटला मिळे. यात धंदा आहे हे मॉरिसन यांनी ओळखले. दुसऱ्या महायुद्धानंतर, 1948मध्ये, त्यांनी वॉरेन फ्रान्सिओनी यांच्याबरोबर प्लॅस्टिकची चकती काढली आणि 1955मध्ये ‘प्लूटो प्लॅटर’ हा सुधारित नमुना आणला. उडत्या तबकड्यांच्या बातम्यांनी तेव्हा अमेरिका झपाटली होती, हे या नावावरूनही कळते. जानेवारी 1957मध्ये व्हॅम-ओने या चकतीचे हक्क घेतले आणि त्याच वर्षी तिला ‘फ्रिस्बी’ हे नाव दिले. कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्टच्या फ्रिस्बी पाय कंपनीच्या (‘पाय’ म्हणजे सारण भरून भाजलेला पदार्थ) रिकाम्या पत्र्याच्या ताटल्या फेकण्याचा नाद तिकडच्या विद्यार्थ्यांना होता. नाव तिथून आले.

व्हॅम-ओची खरी कमाई 1958च्या हुला हूपने करून दिली होती. ती लाट ओसरली, फ्रिस्बी मात्र समुद्रकिनाऱ्यावरचे किरकोळ खेळणे राहिले. 1964मध्ये हेड्रिक कंपनीत आले तेव्हा परिस्थिती अशी होती. पॅसाडीना भागात जन्मलेले, महायुद्धात सैन्यात लढलेले हेड्रिक कंपनीत झपाट्याने वर चढले आणि उपाध्यक्ष झाले. त्यांनी मॉरिसन यांच्या चकतीवरची शोभेची नक्षी काढून टाकली आणि वरच्या पृष्ठभागाच्या कडेकडच्या भागात एककेंद्री बारीक उंचवटे ठेवले. हे ‘हेड्रिकच्या रेषा’ म्हणून ओळखले जातात. या रेषांमुळे चकतीवरून वाहणाऱ्या हवेचा गुळगुळीत थर मोडतो, चकती कमी डगमगते आणि फेकणाऱ्याला तिचा भरवसा वाटतो. डिसेंबर 1967मध्ये त्यांना याचे अमेरिकी पेटंट (क्र. 3,359,678) मिळाले. ‘प्रोफेशनल मॉडेल’ या नावाने ही चकती बाजारात आली. खेळण्याला ‘व्यावसायिक’ हे विशेषण लावण्यात विक्रेत्याची हुशारी होतीच, पण चकती खरोखरच नेमाने उडू लागली होती. नेम साधता येत नसता तर पुढचा खेळही उभा राहिला नसता.

1967मध्येच हेड्रिक यांनी ‘इंटरनॅशनल फ्रिस्बी असोसिएशन’ स्थापन केली. कंपनीच्या जाहिरातीचे हे साधन होते, हे लपलेले नव्हते. तरीही विखुरलेल्या खेळाडूंना एकमेकांचा पत्ता लागला तो याच संघटनेमुळे. रॉचेस्टरच्या मंडळींनाही बाहेरच्या जगाची खबर तिच्याकडूनच मिळाली.

ओक ग्रोव्ह : तोपर्यंत डिस्क गोल्फ म्हणजे झाड, दिव्याचा खांब, कचऱ्याचा डबा, कारंजे असे जे समोर दिसेल ते लक्ष्य. खेळ संपला की मैदानाची खूणही उरत नसे. 1975मध्ये हेड्रिक यांनी लॉस एंजलिस काउंटीच्या उद्यान विभागाला राजी करून पॅसाडीनालगतच्या ला कन्याडा फ्लिंट्रिज येथील ओक ग्रोव्ह उद्यानात केवळ या खेळासाठी आखलेले पहिले कायमस्वरूपी मैदान तयार केले. सुरुवातीला लक्ष्य म्हणून जमिनीत नुसते खांब रोवले होते. मैदानावर लगेच गर्दी होऊ लागली. त्याबरोबर वादही आले: चकती खांबाला लागली की घसटून गेली, की लागलीच नाही? साक्षीदार दूर उभा असेल तर निकाल कोण देणार?

या कटकटीवरचा उपाय हेड्रिक आणि त्यांचा मुलगा केन यांनी शोधला. उभ्या खांबाच्या वरच्या कड्यापासून साखळ्या सोडायच्या, त्या खालच्या बाजूला खांबाकडे ओढून घ्यायच्या आणि त्यांच्याखाली टोपली बसवायची. चकती साखळ्यांत शिरली की त्या हलतात, चकतीचा वेग शोषून घेतात आणि ती खाली टोपलीत पडते. घट्ट जाळी लावली तर चकती उसळून बाहेर येते आणि मोकळ्या दोऱ्या लावल्या तर आरपार जाते. साखळीचे वजन आणि सैलपणा यांचा मेळ नेमका बसला. शिवाय साखळ्यांचा खणखणाट दूरवर ऐकू जातो, त्यामुळे फेक साधली की नाही हे विचारावे लागत नाही. या ‘डिस्क पोल होल’ला 2 ऑगस्ट 1977 रोजी पेटंट (क्र. 4,039,189) मिळाले. हेड्रिक यांच्या सगळ्या कामांत हे सर्वांत टिकाऊ ठरले. साखळ्यांची संख्या आणि थर बदलले, पण आज जगातले जवळजवळ प्रत्येक बास्केट याच रचनेवर उभे आहे.

नोकरी सोडून त्यांनी 1976मध्ये मैदाने आखणारी आणि बास्केट बनवणारी ‘डिस्क गोल्फ असोसिएशन’ ही कंपनी काढली. नावात ‘फ्रिस्बी’ नाही, कारण ते व्हॅम-ओचे व्यापारचिन्ह होते. ‘डिस्क गोल्फ’ या नावावरचा स्वतःचा व्यापारी हक्क मात्र हेड्रिक यांनी पुढे सोडून दिला. त्याच वर्षी खेळाडूंसाठी ‘प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन’ (पीडीजीए) स्थापन झाली. तिच्या प्रत्येक सभासदाला आयुष्यभरासाठी एक क्रमांक मिळतो. क्रमांक 1 हेड्रिक यांचा. बास्केट विकणारा आणि नियम करणारा एकच माणूस असणे अडचणीचे होतेच. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पीडीजीए खेळाडूंच्या हाती सोपवली. संस्थापक आपली संस्था वेळेवर सोडत नाहीत, हा अनुभव क्रीडासंघटनांत इतका सार्वत्रिक आहे की या निर्णयाचे मोल पेटंटांइतकेच मानावे लागेल.

खेळण्याची पद्धत : मैदानात 9 किंवा 18 टप्पे असतात. प्रत्येक टप्प्यावर ठरलेल्या जागेवरून पहिली फेक, मग चकती जिथे थांबेल तिथून पुढची. चकती साखळ्यांत किंवा टोपलीत विसावली की टप्पा पूर्ण होतो. बास्केटपासून 10 मीटरच्या आत फेकताना तोल सावरण्यापूर्वी पुढे पाऊल टाकता येत नाही. नियमांनुसार चकतीचा व्यास किमान 21 सेंमी. लागतो आणि वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला 8.3 ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. लांब फेकीसाठी ‘ड्रायव्हर’, मधल्या अंतरासाठी ‘मिड-रेंज’ आणि जवळून ‘पटर’ अशा वेगवेगळ्या चकत्या खेळाडू पिशवीत बाळगतात. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून बाहेर नेत, फेकलेली चकती वेगात असताना उजवीकडे झुकू शकते आणि वेग मंदावल्यावर डावीकडे वळते. झाडांमधून वाट काढताना हे वळण हिशेबात धरणे हे या खेळातले मुख्य कसब आहे.

हेड्रिकनंतरची वळणे : ओक ग्रोव्हवर लोक झेलायच्याच चकत्या वापरत. 1983मध्ये डेव्ह ड्यूनिपेस यांनी धारदार उताराची कड असलेली ‘ईगल’ ही चकती काढली आणि इनोव्हा कंपनी उभी राहिली. अशी चकती हवा कापत कितीतरी लांब जाते, पण हाताने झेलायला ती बोचते. गोल्फची चकती आणि झेलायची चकती यांची फारकत इथे झाली. टप्पे लांबले, मैदानांना जास्त जागा लागू लागली. इनोव्हाच्या संस्थापकांपैकी हॅरल्ड ड्युव्हाल हे 1982च्या पहिल्या पीडीजीए जागतिक स्पर्धेचे विजेते. पुढे केन क्लायमो यांनी 1990 ते 1998 अशी सलग नऊ आणि एकूण बारा जागतिक अजिंक्यपदे मिळवली. 2021मध्ये पॉल मॅकबेथ यांनी डिस्क्राफ्ट कंपनीशी दहा वर्षांचा 1 कोटी डॉलरचा करार केला.

हे आकडे मोठे वाटले तरी खेळाचा पाया व्यावसायिक खेळाडूंवर उभा नाही. बहुतेक मैदाने सार्वजनिक उद्यानांत आहेत आणि तिथे शुल्क लागत नाही. गवत निगुतीने राखावे लागत नाही, झाडे तोडावी लागत नाहीत, एरवी वापरात नसलेला चढउतारही चालतो. म्हणून नगरपालिकांना हा खेळ परवडतो. अर्थात गर्दीच्या मैदानांवर माती तुडवली जाऊन मुळे उघडी पडतात आणि चकत्यांच्या माऱ्याने सालीही सोलल्या जातात. हिरवळ राखणाऱ्या गोल्फपेक्षा हा खेळ निसर्गाला सौम्य आहे एवढेच म्हणता येते. कोव्हिडच्या साथीत, 2020मध्ये, बंदिस्त क्रीडागृहांना कुलपे लागली तेव्हा उघड्यावर अंतर राखून खेळता येणाऱ्या या खेळाकडे लोक मोठ्या संख्येने वळले. जगातील मैदानांची संख्या आता 15,000च्या पुढे आहे. सर्वाधिक अमेरिकेत, त्याखालोखाल फिनलंडमध्ये.

अखेर आणि स्मारके : हेड्रिक यांना 1993मध्ये डिस्क गोल्फ हॉल ऑफ फेमच्या पहिल्या तुकडीत स्थान मिळाले. जुलै 2002मध्ये मायामी येथे पीडीजीएच्या हौशी खेळाडूंच्या जागतिक स्पर्धेला गेले असताना त्यांना पक्षाघात झाला आणि 12 ऑगस्टला कॅलिफोर्नियात ला सेल्व्हा बीच येथे त्यांचे निधन झाले. फ्रिस्बीवेडे लोक म्हणजे एक धर्मपंथच असून मेल्यावर ते छपरावर जाऊन पडतात, असा विनोद ते करत. त्यांच्या इच्छेनुसार अस्थींची राख प्लॅस्टिकमध्ये मिसळून स्मृतिचकत्या ओतल्या गेल्या. काही आप्तमित्रांना दिल्या, बाकीच्या विकून येणारा पैसा संग्रहालयासाठी ठेवला. जाहिरात हा ज्या माणसाचा पेशा होता त्याला हे शोभून दिसले. पीडीजीएचे मुख्यालय जॉर्जिया राज्यातील ॲपलिंग येथे वाइल्डवुड उद्यानात आहे आणि तिथल्या संग्रहालयाला हेड्रिक यांचे नाव दिले आहे. ओक ग्रोव्हचा परिसर आता हाहामोंग्ना वॉटरशेड पार्क म्हणून ओळखला जातो आणि तिथले मैदान चालू आहे.