गर्दीतल्या दीर्घिका आणि त्यांचा गॅस

क्लस्टरमध्ये (दीर्घिकासमूहात) असलेल्या सर्पिल दीर्घिकांकडे थंड हायड्रोजन कमी असतो, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या एकट्यादुकट्या दीर्घिकांच्या मानाने, आणि यालाच एचआय (म्हणजे सुट्या, विद्युतभार नसलेल्या अणूंचा हायड्रोजन) तूट म्हणतात. मोजणी २१ सेंटीमीटरच्या रेडिओ रेषेवरून, म्हणजे हा हायड्रोजन सोडतो त्या रेडिओ लहरींवरून, होते. खगोलशास्त्रज्ञ हेन्स आणि जोव्हानेली यांनी १९८४ मध्ये मांडलेली व्याख्याच बहुतेक जण वापरतात: अपेक्षित आणि प्रत्यक्ष वस्तुमानांच्या लॉगमधला (दहाच्या घातांकांमधला) फरक. तूट ०.३ म्हणजे निम्मा गॅस गायब, १ म्हणजे दहावा हिस्साच उरला. आता गोची त्या ‘अपेक्षित’मध्ये आहे, कारण तो आकडा दीर्घिकेचा व्यास नि प्रकार बघून काढतात आणि गॅस गेला की हळूहळू प्रकारच वेगळा दिसायला लागतो.

गॅस नेतं कोण, हा वाद जुना. १९५१ मध्ये स्पित्झर आणि बाडे यांनी टकरींवर बोट ठेवलं: दोन दीर्घिका भिडल्या तर तारे आरपार निघून जातात, गॅस मात्र अडकून मागे राहतो. तेव्हा क्लस्टरभर पसरलेला तप्त वायू माहीतच नव्हता, तो एक्स-रेमध्ये दिसल्यावर १९७२ मध्ये गन आणि गॉट यांनी रॅम प्रेशर मांडलं. भोवतालच्या वायूची घनता गुणिले वेगाचा वर्ग, हा दाब दीर्घिकेच्या तबकडीच्या गुरुत्वाकर्षणाच्या पकडीपेक्षा वरचढ झाला की गॅस उडाला. हा वायू कोट्यवधी अंश तापलेला पण इतका विरळ की घन सेंटीमीटरमागे एक कणसुद्धा भरत नाही, तरी सेकंदाला हजारेक किलोमीटरचा वेग वर्गात येतो ना, तिथे सगळा जोर! पुढे १९७७ मध्ये काउई आणि साँगायला यांनी बाष्पीभवन, म्हणजे भोवतालच्या तप्त वायूच्या उष्णतेने थंड गॅस उडून जाणं, सुचवलं, तर १९८० मध्ये लार्सन, टिन्स्ली, कॉल्डवेल यांनी उपासमार, म्हणजे गॅस ओढून नेला नाही, बाहेरून येणारा पुरवठाच तुटला.

क्लस्टरपुरतं रॅम प्रेशरचं पारडं जड वाटतं. कन्या क्लस्टरमधली एनजीसी ४५२२ ही दीर्घिका बघा, ताऱ्यांची तबकडी जवळपास जशीच्या तशी, हायड्रोजन कडेने कापलेला आणि एका बाजूला उडालेला. टक्कर असती तर तारेही विस्कटले असते. पण ती एम८७ पासून, म्हणजे क्लस्टरच्या मध्यावरच्या मोठ्या दीर्घिकेपासून, बरीच लांब आहे, तिथल्या वायूचा नुसता सरासरी दाब पुरेल असं दिसत नाही, म्हणून तो वायूच हलता असावा असं मानतात. खगोलशास्त्रज्ञ हिक्सन यांच्या यादीतल्या, दीर्घिकांच्या दाटीवाटीच्या छोट्या गटांतही तूट आढळते, तिथे मात्र भरती-ओहोटीसारखी आपसातली ओढाताण जास्त पटते. रेण्वीय गॅस (सुट्या अणूंऐवजी रेणूंच्या रूपातला) तबकडीत खोलवर असल्याने त्याला झळ कमी लागते.